कापली, पाहिली, मेली

१४ जानेवारी, सोमवार. सकाळी ६.
आजपासून मी वायरमन. सिमेंट कालवणं बंद. ब्वेनोस आयरेसमध्ये दोन वर्षं बादल्या वाहिल्या, पण त्या शहराची ओळख व्हावी म्हणून. आता झाली ओळख.
डायरीचे नियम: रोज लिहायचं. खरं लिहायचं. निमिओच्या हाताला लागू द्यायची नाही.

त्याच दिवशी, जेवणाच्या सुट्टीत.
साईट म्हणजे आल्माग्रोतलं एक जुनं पाच मजली हॉटेल. सगळं वायरिंग उपटून नवं टाकायचंय. मेस्त्री ओरेस्ते, वय सदुसष्ट, पांढऱ्या मिशा, गुडघे कामातून गेलेले. विचारलं, काय काय येतं? म्हणालो, पराग्वायमध्ये आमच्या गावच्या चर्चचं अख्खं वायरिंग मी केलंय. (जत्रेला दिव्यांची माळ लावली होती. म्हणजे शिडी धरली होती. पण मी शिडी सोडली असती तर चर्चमध्ये उजेड पडला असता का?)
मेस्त्री म्हणाले, वा, मग आमचं अर्धं काम झालंच की! मनापासून म्हणाले असावेत.
निमिओ जिन्यात भिंत घासत होता, त्याने ऐकलं. रंगारी आहे, माझ्याच गावचा, माझ्याच खोलीत राहतो, आणि जीभ ब्रशपेक्षा लांब. तिथूनच आमच्या ग्वारानीत ओरडला, अरे डेर्लिस, पाद्रीबाबांना कळव बाबा, ते बिचारे अजून मेणबत्त्याच लावतायत!
मेस्त्रींना ग्वारानी येत नाही. देवाची कृपा.

१५ जानेवारी, मंगळवार.
पद्धत सापडली. कुठलाही धंदा म्हणजे शेवटी त्याची बोली. गवंड्याची वेगळी, रंगाऱ्याची वेगळी, वायरमनची तर फारच वेगळी. ती आली की धंदा आला. रोज पाच शब्द. शंभर झाले की कारागीर. शाळा मी सहावीत सोडली, कारण तिथले शब्द कुठे वापरायचे तेच कोणी सांगत नव्हतं.
आजचे पाच:
लाथ – शॉक. (पडते म्हणायचं, बसते नाही.)
उंदराची शेपटी – दोन तारा पिळून केलेला जोड.
मगर – दातेरी चिमटा.
साप – पाइपातून तार ओढायची स्प्रिंग.
उसनी – ? (एक प्रकारची लाईन. नीट विचारायचं. आज सगळे होते.)

१८ जानेवारी, शुक्रवार.
शुक्रवारी साईटवर निखाऱ्यांवर मांस भाजतात. नवा माणूस विस्तव सांभाळतो, म्हणजे मी. भाजता भाजता सहज म्हणालो, काय मेस्त्री, आज त्या सापाने फार छळलं, जोडाला उंदराची शेपटी घातली तेव्हा कुठे जमलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. इम्प्रेशन पडलं.
नवा शब्द: बल्बबदल्या. ज्याला बल्ब बदलण्यापलीकडे काही येत नाही असा माणूस. कोणाबद्दल चाललं होतं कळलं नाही. मी सगळ्यात मोठ्याने हसलो.
महत्त्वाचं: काम संपल्यावर मेस्त्री ज्याची शिफारस लिहून देतात, त्याचं नाव युनियनच्या वहीत कारागीर म्हणून चढतं. चढलं की जन्मभर कोणी बादली उचल म्हणत नाही. यंदा एकच शिफारस.

२१ जानेवारी, सोमवार.
मेस्त्रींचा एकच कायदा आहे. तारेला हात लावायच्या आधी तीन शब्द ओरडायचे. कापली: बोर्डावरचा खटका पाडला. पाहिली: मीटर लावून बघितलं. मेली: आता घाल हात. मेस्त्री म्हणाले, दुसऱ्या शब्दाशिवाय तिसरा ओरडलास तर तुझी माझी ओळख संपली.
ओरडायचं काम माझ्याकडे. माझा आवाज मुळातच चांगला आहे. मी तिसऱ्या मजल्यावरून ओरडलो तर रस्त्यावरचा फळवाला वर बघतो. निमिओ म्हणतो, लाईन भीतीनेच मरत असेल.

२२ जानेवारी, मंगळवार.
मोठा दिवस! मेस्त्रींनी त्यांचा मीटर माझ्या हातात दिला. काळा डबा, वर काच, काचेत काटा, मधोमध फिरवायची घुंडी. त्यांचे वडील ट्रामच्या डेपोत होते, त्यांचा हा. चाळीस वर्षांत एकदाही खोटं बोललेला नाही म्हणाले.
कोणाला सांगू नको म्हणून जे सांगितलं ते इथे लिहायला हरकत नाही: मेस्त्रींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. काटा दिसत नाही. ऑपरेशनचा नंबर जूनमध्ये. मालकाला कळलं तर कामावरून काढेल. म्हणाले, तोवर डोळे तुझे, हात माझे. चालवता येतो ना रे हा?
म्हणालो, चर्चमध्ये असाच होता.
घुंडीभोवती खुणाच खुणा. फिरवली की टक टक छान आवाज येतो. शेवटी लाल खुणेवर ठेवली. लाल म्हणजे धोका, धोका म्हणजे वीज. डोकं असलं की शिकावं लागत नाही.
आज चार लाईनी मारल्या. चारही वेळा काटा गप्प. (हिशोब ठेवायचा: मारलेल्या लाईनी, एकूण ४.)

२५ जानेवारी, शुक्रवार.
एकूण १३. मेस्त्री चकित. म्हणाले, आधीच्या पोराच्या वेळी दहात एखादी तरी जिवंत निघायची. खटका पाडला तरी जिवंत. जुनी इमारत आहे, कुठली तार कुठून आली देवाला ठाऊक. तुझ्या हातात एकही नाही?
एकही नाही. याला हातगुण म्हणतात. आईच्या हाताने लावलेला मांडिओकाचा कंदही कधी किडत नाही. आमच्याकडे ते रक्तातच आहे.

१ फेब्रुवारी, शुक्रवार.
एकूण २४. शब्द ५१. उसनीचा अर्थ अजून विचारला नाही. आता विचारणं बरं दिसत नाही, कारण मी तो शब्द दोनदा वापरून बसलोय. दोन्ही वेळा मेस्त्रींनी मान डोलावली, म्हणजे बरोबरच वापरला असणार.
आईला फोन केला. म्हणालो, कारागीर होतोय. म्हणाली, म्हणजे काय करतोस? मी तीन शब्द तिला ओरडून दाखवले. शेजारच्या खोलीतून भिंतीवर बुक्क्या आल्या.

३ फेब्रुवारी, रविवार. दुपारी ३. प्रचंड उकाडा.
प्रॅक्टिससाठी मीटर खोलीवर आणला होता. निमिओ पलंगावर पडून तेरेरे, म्हणजे आमचा बर्फाच्या पाण्यातला काढा, पीत होता. त्याला म्हणालो, बघ, गंमत दाखवतो. भिंतीवरच्या सॉकेटला मीटर लावला.
काटा हलला नाही.
निमिओ म्हणाला, मग? म्हणालो, ही मेलेली आहे. तो म्हणाला, साहेब, त्याच सॉकेटवर पंखा चाललाय.
बघितलं. पंखा चालला होता.
निमिओ इतका हसला की तेरेरे नाकातून आलं. मयताने वारा घातला, मयताने वारा घातला म्हणत राहिला.
विचार केला. कारणं: एक, हा डेपोचा मीटर, त्याला घरगुती वीज समजत नसेल. दोन, रविवार. तीन,
तिसरं लिहीत नाही.

त्याच दिवशी, ५ वाजता.
निश्चय: उद्या मेस्त्रींना सरळ विचारायचं. ही घुंडी कुठे ठेवायची? चार शब्दांचा प्रश्न आहे. त्यात काय लाज?

४ फेब्रुवारी, सोमवार.
नाही विचारलं. चार शब्दांचा आहे, पण मागे चर्च उभं आहे. घुंडी विचारली की ते विचारणार, मग चर्चमध्ये काय केलंस? मग आधीच्या चोवीस लाईनींचं काय? त्या तर मेल्याच होत्या. खटका मी नीट पाडतो, त्यात माझी चूक होत नाही. मीटर म्हणजे खरं तर मनाचं समाधान.
ओरडलो पाचदा. दुसरा शब्द जरा हळू येतो. गरमीमुळे घसा बसलाय.
शुक्रवारी विचारायचं. त्या दिवशी मेस्त्री दोन ग्लास वाइन घेतात.

८ फेब्रुवारी, शुक्रवार.
विस्तवाजवळ गेलो. मेस्त्री, एक विचारायचं होतं, एवढं म्हणालो, तेवढ्यात त्यांनीच ग्लासावर पक्कड वाजवली. म्हणाले, चाळीस वर्षांत बरीच पोरं आली. कोणाची जीभ चालायची, कोणाचे हात. याचे डोळे चालतात. यंदाची शिफारस डेर्लिसची.
टाळ्या. सगळ्यात मोठा मांसाचा तुकडा मला. मेस्त्री म्हणाले, काय विचारत होतास?
म्हणालो, मीठ हवंय का.
एकूण ३५.

१२ फेब्रुवारी, मंगळवार.
आज लिहीत नाही.

१३ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी.
लिहायचा नियम आहे म्हणून लिहितो.
काल तिसऱ्या मजल्यावर खोली नंबर बारा. सकाळच्या दोन धरून सदतीस झाल्या होत्या. बाराचा खटका पाडला. भिंतीतला डबा उघडला, मीटर लावला, काटा गप्प. ओरडलो, कापली. ओरडलो, पाहिली. मग थोडा थांबलो. इथे खरं लिहायचं म्हणून लिहितो, थांबलो. मेस्त्री शिडीच्या तिसऱ्या पायरीवर होते. म्हणाले, काय रे, अडलास का?
मी ओरडलो, मेली.
त्यांनी हात घातला. लाथ पडते म्हणतात ते बरोबर आहे. बसत नाही. माणूस उडतो.
मनगट मोडलं, दोन बोटं भाजली. खाली पडल्या पडल्या त्यांनी मला विचारलं, तुला काही नाही ना झालं पोरा?
उसनी म्हणजे काय ते काल कळलं. एका खोलीची लाईन, पण वीज चोरून दुसऱ्या मजल्यावरून घेतलेली. खोलीचा खटका पाडा नाहीतर उपटून फेका, ती जिवंतच.

त्याच दिवशी, संध्याकाळी.
विमा कंपनीचा माणूस आला होता. विचारलं, मीटर लावला होतास? लावला होता. काटा हलला? नाही हलला. त्याने लिहून घेतलं, मीटर सदोष. मी एक अक्षरही खोटं बोललो नाही.
निमिओ तिथेच रंग ढवळत होता. काही बोलला नाही. खोलीवर आल्यावरही नाही. मला साहेब वगैरे म्हणाला नाही. त्याने चिडवावं असं मला कधी वाटेल असं वाटलं नव्हतं.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार.
मेस्त्री हत्यारं न्यायला आले. हात प्लॅस्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. सगळ्यांसमोर म्हणाले, चूक माझी आहे. सडका मीटर पोराच्या हातात दिला. बाबांचा म्हणून कधी तपासून घेतला नाही. हाच मेला असता तर याच्या आईला काय सांगणार होतो मी?
मग मीटर उचलला आणि राडारोड्याच्या डब्यात टाकला. पडला, पण काच फुटली नाही. म्हणाले, चाळीस वर्षं खरं बोलला, आता म्हातारा झाला. मीही झालो. डोळे नाहीत, मीटर नाही, बास झालं. जूनचं ऑपरेशनही नको, काय बघायचंय आता?
प्लॅस्टर नसलेल्या हाताने मला जवळ घेतलं. आणि शिफारशीच्या कागदावर डाव्या हाताने सही केली. सही इतकी वाकडी आली की त्यांना हसू आलं. मीही हसलो. मी हसलो.
सगळे जेवायला गेल्यावर डब्यातून मीटर काढला. का काढला माहीत नाही. विस्तव आज कोणी पेटवला नाही.

१९ फेब्रुवारी, मंगळवार.
कागद युनियनच्या ऑफिसात द्यायचा आहे. पावसाची लक्षणं होती म्हणून गेलो नाही. कागद भिजेल.

२० फेब्रुवारी, बुधवार.
ऊन होतं. गेलो नाही.

२३ फेब्रुवारी, शनिवार.
मीटर रिपेअर करून मेस्त्रींना नेऊन द्यायचा, असं ठरवलं. माझ्या पैशाने. म्हणजे झालं, सगळं मिटलं, बोलायची गरज नाही. ऑनसे भागात एक बाई जुने रेडिओ दुरुस्त करते. तिने चष्मा वर केला, मीटर हातात घेतला, घुंडी दोन घरं फिरवली, सॉकेटला लावला. काटा सरळ दोनशेवीसवर. म्हणाली, याला काही झालेलं नाही. झकास आहे. हा बॅटरी तपासायच्या खुणेवर ठेवलेला होता. असा लावला तर कडकडून वीज असली तरी काटा कशाला हलेल? कुठल्या गाढवाने ठेवला?
म्हणालो, आमच्या मेस्त्रींनी.
पैसे घेतले नाहीत. म्हणाली, एक घुंडी फिरवायचे काय घेऊ? तुमच्या मेस्त्रींना सांग, हा धंदा सोड म्हणावं.
सोडला आहे, असं मी म्हणालो नाही. रस्त्यात एका कट्ट्यावर बसलो. आमच्या मेस्त्रींनी. हे दोन शब्द यादीत घालायला हवेत. एकूण ६४ झाले.

२४ फेब्रुवारी, रविवार.
बाजू मांडतो. एक: मेस्त्रींनी घुंडी दाखवून द्यायला हवी होती. दोन: त्यांनी विचारलं होतं, चालवता येतो ना? हे इथेच लिहिलेलं आहे, २२ जानेवारीला. मागचं पान उलटून बघितलं. आहे.
सगळी डायरी उलटून बघितली. वाईट सवय आहे. पुन्हा करायचं नाही.
निमिओ आज पहिल्यांदा बोलला. पंखा बंद करू का, एवढंच विचारलं.

२ मार्च, शनिवार.
गेलो. भाषण तयार केलं होतं. पहिल्यांदा तब्येत, मग गरिबी, मग आईची आठवण, मग मूळ मुद्दा. मेस्त्रींच्या बायकोने दार उघडलं, नेलिदाबाईंनी. मेस्त्री स्वयंपाकघरात डाव्या हाताने पाव खात होते, तुकडे टेबलभर. समोर ‘माते’ या इथल्या कडू चहाचं भांडं, गरम पाणी. टेबल डुगडुगत होतं.
मीटर टेबलावर ठेवला. भाषणातलं काही आठवलं नाही. लाल खुणेवर ठेवली घुंडी, मग योग्य जागी ठेवली, आणि म्हणालो, मी हा असा ठेवत होतो, असा ठेवायला हवा होता. मला येत नव्हता. पंखा चालू असताना काटा हलला नाही तेव्हा मला कळलं होतं. चर्चमध्ये शिडी धरली होती.
सॉकेटला लावला. काटा सरळ गेला. मेस्त्रींना दिसला नाही. विचारलं, किती? म्हणालो, दोनशेवीस.
ते उठलेच. खुर्ची मागे पडली. मला वाटलं आता मारणार. तयारीने गेलो होतो. पण ते ओरडले, नेलिदा! नेलिदा, ऐकलंस का, मीटर चांगला आहे! बाबांचा मीटर चांगला आहे! खोटं नाही बोलला तो, हा गाढव आहे फक्त!
नेलिदाबाई धावत आल्या. दोघांनी मिळून मीटर उजेडात नेला. बाईंनी ॲप्रनने काच पुसली. मेस्त्री त्यांना सांगत होते, मी म्हणत नव्हतो, जन्मभर ट्रामवर राबलेली वस्तू अशी दगा देईल का? म्हणजे आपलं अजून चालू शकतं. डोळे करून घेऊ. जून काय लांब आहे? हसत होते. मी तिथे आहे हे दोघंही विसरले. मी रडायची, माफी मागायची, मार खायची, सगळी तयारी केली होती. या कशाचीच गरज पडली नाही. मी पडलेली खुर्ची उचलून ठेवली.
मग त्यांना मी आठवलो. म्हणाले, असा ठेवून किती वेळा ओरडलास?
म्हणालो, अडतीस.
म्हणाले, इतका नेमका कसा सांगतोस?
म्हणालो, लिहून ठेवायचो. अभिमानाने.
त्यांनी डावा हात वर केला, डोळ्यांजवळ नेला, तळवा बघितला, उलटा करून बघितला. मग प्लॅस्टरमधून बाहेर आलेली दोन बोटं बघितली. बराच वेळ. अडतीस वेळा घातलाय रे आत, एवढंच म्हणाले.
मी शिफारशीचा कागद पुढे केला. फाडतील असं वाटलं. त्यांनी चार घड्या घातल्या आणि टेबलाच्या पायाखाली सरकवला. टेबल हलवून बघितलं. आता डुगडुगत नव्हतं.
‘माते’ चहाचा घोट घेतोस का, विचारलं नाही. या गावात पोस्टमनलाही विचारतात.
नेलिदाबाईंनी दारापर्यंत सोडलं. म्हणाल्या, जिन्यातला बल्ब गेलाय, जपून उतर. बदलून देतो म्हणायला मी तोंड उघडलं होतं. मिटलं.

११ मार्च, सोमवार. संध्याकाळी.
कार्निव्हल संपला. फ्लोरेसमध्ये नवी साईट, प्लॅस्टरचं काम. बादल्या.
सकाळी भिंत फोडताना एक तार बाहेर आली. मुकादम म्हणाला, ए पराग्वायवाल्या, तू वायरमनकडे होतास ना? बघ जरा, मेलेली आहे का. सगळे थापी हातात धरून माझ्याकडे बघत होते. कोणीतरी म्हणालं, होय की, हा तर फार बोलतो त्यातलं.
म्हणालो, मला नाही येत.
मुकादम म्हणाला, बघायला काय येतंय? जुनी तार आहे, दिसतेय मेलेली. म्हणालो, मी पाहिलेली नाही. वायरमनला बोलवा. तोवर कोणी हात लावू नका.
वायरमन दुसऱ्या साईटवर होता. यायला दीड तास लागला. कालवलेलं सगळं प्लॅस्टर घमेल्यातच घट्ट झालं. मुकादमाने माझ्या आईपासून सुरुवात करून गावापर्यंत सगळ्यांचा उद्धार केला.
वायरमन आला. मीटर लावला. पाच सेकंद.
मेलेलीच होती. कधीची.
सगळे हसले. दिवसभर हसत होते. मी घट्ट झालेलं प्लॅस्टर फोडून बादलीत भरत होतो. एकूण एकोणीस बादल्या.